कात टाकली, की बिळात दुसराच नाग आला?

अमेरिकेतल्या जुन्या रॉक रेडिओ स्टेशनांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना अडलेल्या एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. मूळ लेखात डब्ल्यूएचएफएस या वॉशिंग्टनकडच्या अल्टरनेटिव्ह रॉक स्टेशनाबद्दल म्हटलंय की २००५ च्या जानेवारीत त्याने आपला फॉरमॅट ‘फ्लिप’ केला. वाचकाने आधी लिहिलं, ‘केंद्राने आपले स्वरूप बदलले’. ज्यांनी तपासलं त्यांनी ते खोडून ‘केंद्राने कात टाकली’ असं केलं. वाचकाला दोन्ही वाक्यं खुपतायत. शिवाय ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ला ‘पर्यायी रॉक’ म्हणावं का, हाही प्रश्न आहेच.

आधी कातीचं बघू, कारण ती चूक जास्त गोड आहे. कात टाकल्यावर साप तोच राहतो, फक्त तुकतुकीत होतो. डब्ल्यूएचएफएसचं काय झालं? १२ जानेवारी २००५ च्या दुपारी ९९.१ या त्याच्या फ्रिक्वेन्सीवर जेफ बकलीचं ‘लास्ट गुडबाय’ वाजलं आणि त्यापाठोपाठ ‘एल सोल’ नावाचं स्पॅनिश स्टेशन सुरू झालं. निवेदक गेले, गाणी गेली, भाषा गेली, नावही गेलं. उरला तो मनोरा आणि ९९.१ हा आकडा. इथे साप उरलाच कुठे कात टाकायला? चटकन सुचतं ते ‘आयत्या बिळावर नागोबा’. पण तेही नेमकं नाही, कारण नागोबा बाहेरून आलेला नव्हता. मालक आदल्या दिवशीचाच होता, इन्फिनिटी ही कंपनी. घरमालकानेच जुन्या भाडेकरूला काढून नवा ठेवला. गिऱ्हाइकाला मात्र सकाळी जिथे चहा प्यायला तिथे दुपारी चपलांचं दुकान दिसावं, तसं झालं.

‘स्वरूप बदलले’ हे चूक नाही, पण पाणचट आहे. नदीचं, आजाराचं, आंदोलनाचं स्वरूप हळूहळू बदलतं. इथे एका मिनिटात झालं, आणि कोणीतरी ठरवून केलं.

मुळात ‘फॉरमॅट’ला मराठी शब्द का सापडत नाही? माझं उत्तर असं की ती वस्तूच आपल्याकडे नव्हती. आकाशवाणीवर एकाच केंद्रावर पहाटे भक्तिगीतं, मग बातम्या, दुपारी ‘वनिता मंडळ’, संध्याकाळी ‘कामगार सभा’, रात्री शास्त्रीय संगीत. दिवस वेळापत्रकाने बांधलेला, आणि श्रोते तासातासाला बदलणारे. आजी, गिरणी कामगार आणि शाळकरी पोर यांना एकच केंद्र पुरत होतं, फक्त वेगवेगळ्या वेळी. अशा ठिकाणी ‘या केंद्राचा फॉरमॅट काय’ हा प्रश्न उठतच नाही. खासगी एफएम आलं २००१ नंतर, आणि शब्द तयार स्थितीत, पॅकबंद आला.

अमेरिकी रेडिओत फॉरमॅट म्हणजे चोवीस तास एकाच जातीच्या श्रोत्याला धरून ठेवण्याची व्यवस्था. कुठली गाणी, ती दिवसातून किती वेळा, निवेदकाने किती बोलायचं आणि कसं, जाहिराती कुठे पेरायच्या, हे सगळं त्यात येतं. तासाची वर्तुळाकार तबकडी आखून कुठल्या मिनिटाला काय वाजणार हे त्यावर मांडतात, तिला ‘क्लॉक’च म्हणतात. याचा पाया पन्नासच्या दशकात ओमाहाच्या टॉड स्टॉर्झने ‘टॉप ४०’ने घातला. ज्यूकबॉक्सवर लोक पैसे टाकून तेच तेच गाणं पुन्हा लावतात, मग रेडिओवर का नको, हा त्यामागचा हिशेब. शब्द मात्र छापखान्यातला. लॅटिनमध्ये ‘लिबेर फॉर्मातुस’ म्हणजे अमुक आकाराचं बांधलेलं पुस्तक. तिथून जर्मन-फ्रेंच मार्गे इंग्रजीत. आधी कागदाचा आकार, मग कार्यक्रमाचा, मग हार्ड डिस्कचा.

मराठीत जवळचे शब्द बरेच आहेत. ‘बाज’ मला सगळ्यात आवडतो, पण बाज गाण्याला असतो, गाणाऱ्याला असतो. त्यात जाहिरातींचा हिशेब बसत नाही. ‘घाट’ समीक्षकांनी कवितेसाठी राखून ठेवलाय. ‘साचा’ अर्थाने बराच जुळतो, पण ‘साचेबद्ध’मुळे तो बदनाम आहे, स्टेशनाचा साचा म्हटलं की टीका वाटते. म्हणून ‘फॉरमॅट’च ठेवा. क्रिकेटमुळे तो शब्द घराघरांत गेलाय, कोणी अडखळणार नाही.

‘फ्लिप’ला मात्र आपल्याकडे अस्सल शब्द आहे आणि तो वापरायला मिळतोय याचा मला आनंद आहे: पालट. पालटणे हे प्राकृतातल्या ‘पल्लट्ट’चं लेकरू, संस्कृतात मागे गेलं तर ‘पर्यस्त’, म्हणजे उलथलेलं. फ्लिपमधलं उलटं करणं त्यात आहे, आणि एकाच्या जागी दुसरा येणंही आहे. खांदेपालट पाहा. अधिकाऱ्यांची खांदेपालट होते तेव्हा खुर्ची तीच असते, माणूस नवा असतो. पिकांची फेरपालट पाहा. शेत तेच, गेल्या वर्षी कापूस होता, यंदा हरभरा. ९९.१ हे शेत. मालकाला कापूस परवडेना, त्याने दुसरं पेरलं. कात टाकण्यात जे सुटत होतं ते सगळं पालटण्यात आलं.

आता ‘पर्यायी’. इथे थोडा वेळ लागेल, कारण हा शब्द कधी बरोबर आणि कधी चूक हे स्टेशनांच्या इतिहासावर ठरतं.

सत्तरच्या दशकात डब्ल्यूएचएफएस वॉशिंग्टनच्या शेजारच्या बेथेस्डातून वाजायचं. तेव्हा निवेदक मनाला येईल ती तबकडी काढून लावत. त्याला ‘फ्रीफॉर्म’ म्हणत, म्हणजे फॉरमॅट नसणं हाच फॉरमॅट. १९८३ मध्ये स्टेशन ९९.१ वर आलं. तिकडे लाँग आयलंडवर डब्ल्यूएलआयआरने १९८२ मध्ये ठरवलं की बाकीची स्टेशनं वाजवत नाहीत तेच वाजवायचं; लंडनहून विमानाने रेकॉर्डी मागवून अमेरिकेत त्या विकायला येण्याआधीच ऐकवत. ओहायोतल्या ऑक्सफर्ड नावाच्या लहानशा कॉलेजगावात ९७एक्स हेच करत होतं. (‘रेन मॅन’मधला डस्टिन हॉफमन गाडीत बसून एक घोषणा पुन्हा पुन्हा बडबडतो, ती याच स्टेशनाची.) कॉलेजांची स्वतःची स्टेशनंही होती. एफएमच्या पट्ट्यात ८८ ते ९२ चा तुकडा अमेरिकेत बिगरव्यापारी, शैक्षणिक स्टेशनांसाठी राखीव असल्यामुळे ती डायलच्या डाव्या टोकाला सापडत.

या काळात ‘अल्टरनेटिव्ह’ हे शुद्ध विशेषण आहे. कशाला तरी पर्याय, आणि कशाला हे सगळ्यांना ठाऊक: मोठ्या स्टेशनांवरच्या त्याच त्या गिटारवाल्यांना. इथे ‘पर्यायी रॉक’ अगदी चालेल. त्याहून नेमकं हवं तर ‘समांतर रॉक’. आपल्याकडे समांतर सिनेमा होता, सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेतली नाटकं बघून आलेली माणसं समांतर रंगभूमी म्हणत. त्या शब्दाला तो वास आहे. ‘वैकल्पिक’ मात्र नको. तो हिंदीत छान चालतो, मराठीत विकल्प म्हटलं की मनात शंका आल्यासारखं वाटतं.

पण याच सुमारास लॉस एंजेलिसकडे वेगळं काही घडत होतं. पॅसाडेनाच्या केआरओक्यूवर (बोलताना ‘के-रॉक’) रिक कॅरोल नावाच्या कार्यक्रमप्रमुखाने नवी, विचित्र, ब्रिटिश गाणी घेतली आणि त्यांना टॉप ४० ची शिस्त लावली. मोजकी गाणी, पुन्हा पुन्हा, घड्याळ लावून. नाव दिलं ‘रॉक ऑफ द एटीज’. १९८३ मध्ये सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या मनोऱ्यावरून सान दिएगोसाठी वाजणाऱ्या ९१एक्सने हाच फॉरमॅट उचलला, सल्लागार तोच. म्हणजे जे फॉरमॅटविरुद्ध म्हणून जन्मलं ते फॉरमॅट म्हणून विकलं जाऊ लागलं, आणि तेही निर्वाणाच्या आठ वर्षं आधी. (मोक्ष नव्हे, सिअ‍ॅटलकडचा बँड.)

शब्दप्रेमींसाठी पुढचा तपशील मौल्यवान आहे. बिलबोर्ड या संगीतधंद्याच्या अमेरिकी नियतकालिकाने सप्टेंबर १९८८ मध्ये या स्टेशनांसाठी वेगळी यादी काढली तेव्हा तिचं नाव ‘मॉडर्न रॉक ट्रॅक्स’ ठेवलं. ‘अल्टरनेटिव्ह’ नाही. धंद्यातल्या लोकांना तो शब्द तेव्हा कडेचा वाटत असावा. पर्याय म्हणून कोण जाहिरात देणार? १९९१ ला निर्वाणा गाजलं, त्यानंतर अटलांटाचं ९९एक्स आणि शिकागोचं क्यू१०१ अशी मोठी स्टेशनं १९९२ मध्ये या फॉरमॅटवर आली, आणि पर्यायच मुख्य झाला. समांतर रेषा मिळाल्या. बोलीत ‘अल्टरनेटिव्ह’ पक्का बसला, तरी बिलबोर्डला यादीचं नाव ‘अल्टरनेटिव्ह साँग्ज’ करायला २००९ उजाडलं. तोवर कशाला पर्याय, हे विचारण्यात काही अर्थ उरला नव्हता.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर विशेषणाचं विशेषनाम झालं. ‘पुणेरी पगडी’तलं पुणेरी आणि ‘नवी मुंबई’तलं नवी यांत जो फरक आहे, तोच. नवी मुंबई पन्नास वर्षांची झाली तरी तिला कोणी ‘जुनी नवी मुंबई’ म्हणत नाही. म्हणून माझा नियम: १९८० च्या दशकातल्या कॉलेज रेडिओबद्दल लिहिताना ‘पर्यायी’ किंवा ‘समांतर’ लिहा; त्यानंतरच्या स्टेशनाच्या फॉरमॅटचं नाव म्हणून येईल तेव्हा ‘अल्टरनेटिव्ह’ तसंच ठेवा. एकाच लेखात दोन्ही आले तरी बिघडत नाही. उलट वाचकाला शब्द कुठे थिजला ते दिसेल.

आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. संस्कृतात ‘पर्याय’चा जुना अर्थ आळीपाळी, पाळी. उडुपीच्या कृष्णमंदिराची पूजा आठ मठांकडे दोन-दोन वर्षं पाळीने जाते, त्या सोहळ्याला आजही ‘पर्याय’च म्हणतात. आणि ‘अल्टरनेटिव्ह’मधलं लॅटिन ‘अल्तेर’ म्हणजे दोहोंतला दुसरा. त्यावरून ‘अल्टरनेट’, एक झाला की दुसरा. दोन्ही शब्दांच्या पोटात पाळी बदलणं बसलेलं आहे. ९९.१ वर तेच झालं.

पाळी इतकी पटापट का बदलू लागली याची कारणं भाषेबाहेरची आहेत. १९८१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन या शास्त्रीय संगीताच्या स्टेशनाच्या श्रोत्यांची संघटना त्यात पक्षकार होती. १९७४ मध्ये त्यांचं स्टेशन रातोरात रॉक झालं होतं आणि त्यांनी भांडून ते परत मिळवलं होतं. न्यायालय म्हणालं, फॉरमॅट बदलाची छाननी परवाना देणाऱ्या आयोगाने केलीच पाहिजे असं नाही, बाजारावर सोडणं चालेल. त्यानंतर १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती स्टेशनं असावीत याची मर्यादाच काढून टाकली. आधी ती ४० होती. एका शहरात सहा-सात स्टेशनं एकाच्या हातात असली की पालट हा चिठ्ठ्या बदलण्याचा खेळ होतो. बोस्टनचं डब्ल्यूबीसीएन २००९ मध्ये गेलं, डब्ल्यूएफएनएक्स २०१२ मध्ये. शिकागोचं क्यू१०१ २०११ मध्ये बातम्यांचं स्टेशन झालं, तो प्रयोग फसला, आणि २०१४ मध्ये तिथे अल्टरनेटिव्ह परत आलं, क्यू१०१ हे नाव मात्र आणखी काही वर्षांनी. वनवास म्हणायला हरकत नाही, चौदाऐवजी तीन वर्षांचा.

लेखात पुढे ‘स्टंटिंग’ येईल, तिथे सांभाळा. मराठीत ‘स्टंटबाजी’ म्हणजे शिवी. रेडिओत तो साधा पारिभाषिक शब्द आहे: जुना फॉरमॅट बंद झाल्यावर नवा सुरू होईपर्यंत कुतूहल चाळवायला काहीतरी विक्षिप्त लावून ठेवणं. जून २०२२ मध्ये व्हँकुव्हरच्या एका स्टेशनाने रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचं एकच गाणं दिवसभर लावून ठेवलं. निवेदकांना नुकतंच काढलेलं, त्यामुळे कर्मचाऱ्यांनी बंड केलं असा अनेकांचा समज झाला. दुसऱ्या दिवशी तिथे नवं स्टेशन होतं, फॉरमॅट अल्टरनेटिव्ह. ‘मधल्या वेळची हूल’ असं मी लिहीन. हूल देण्यात फसवणूक आहे, पण खेळकर.

माझा एक मामेभाऊ नव्वदीत मेरीलँडला शिकायला होता. तो कॅसेटी भरून पाठवायचा, लेबलवर नुसतं ‘एचएफएस’, गाण्यांची नावं नाहीत. तेव्हा ते एखाद्या बँडचं नाव असावं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. त्यामुळे तुमच्या वाक्यात जरा जीव अडकला, हे कबूल.

मी ते असं लिहीन: ‘१२ जानेवारी २००५ ला दुपारी डब्ल्यूएचएफएसचा फॉरमॅट पालटला, अल्टरनेटिव्ह रॉकच्या जागी स्पॅनिश गाणी सुरू झाली.’ इथे ‘केंद्र’ नको, त्याला आकाशवाणीचा सरकारी वास येतो. ‘स्टेशन’ म्हणा किंवा नुसतं नाव घ्या. आणि ‘कात टाकली’ तपासणाऱ्यांना फारच आवडलं असेल तर त्यालाही जागा आहे. सान फ्रान्सिस्कोचं लाइव्ह १०५ हे २०१७ मध्ये ‘ऑल्ट १०५.३’ झालं, फॉरमॅट तोच, पाटी नवी. तिथे बिनधास्त वापरा. फक्त त्याच्या पुढच्या वाक्यात नको, कारण २०२१ मध्ये तिथेही पालट झाला, आणि २०२३ मध्ये जुनं नाव जुन्या गाण्यांसकट परत आलं.