वाचकांचे प्रश्न : अणुकराराची छाननी आणि अणुभट्टीची सुरक्षितता

प्रश्न : भारत-अमेरिका नागरी अणुकराराची छाननी अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाकडेही गेली होती, असे वाचनात आले. मग अशा करारानंतर उभ्या राहणाऱ्या अणुभट्ट्या सुरक्षित आहेत, असे मानावे का? अणुस्कुरा घाट उतरला की राजापूर आणि तिथून जैतापूरचा नियोजित अणुप्रकल्प, म्हणून ही काळजी.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तसे मानू नये. अमेरिकेच्या 1954 च्या अणुऊर्जा कायद्यातील कलम 123 नुसार परदेशाशी सहकार्य करार करताना तिथला नियामक आयोग आपले मत देतो आणि त्यानंतर करार तिथल्या संसदेपुढे जातो. मात्र या छाननीत पुरवलेले इंधन शस्त्रांकडे वळणार नाही ना, ते तिसऱ्या देशाला परस्पर दिले जाणार नाही ना, वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया कोणाच्या संमतीने होईल, हेच प्रश्न असतात. भट्टी कोणत्या खडकावर उभी राहील किंवा समुद्राचे पाणी किती तापेल, याचा तिथे विचारच होत नाही.

या छाननीचे खरे वजन महाराष्ट्राने तारापूरच्या निमित्ताने अनुभवले आहे. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्यांना अमेरिकेने इंधन पुरवावे, असा करार 1963 मध्ये झाला होता. पुढे 1974 ची पोखरण चाचणी झाली, 1978 मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध कडक कायदा केला, आणि मे 1980 मध्ये याच आयोगाने तारापूरसाठीच्या युरेनियमच्या निर्यातीला परवाना देण्यास एकमताने नकार दिला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो निर्णय बाजूला सारला, प्रतिनिधीगृहाने कार्टर यांच्या विरोधात मत दिले, आणि सिनेटमध्ये 48 विरुद्ध 46 अशा निसटत्या फरकाने ती निर्यात वाचली. दोन वर्षांनी पुरवठ्याची जबाबदारी फ्रान्सकडे गेली. करारावर सह्या असूनही इंधन कसे अडते, हे यातून नीट कळते. म्हणूनच 2008 च्या करारात अखंड इंधनपुरवठ्याच्या आश्वासनासाठी भारताने एवढा आग्रह धरला, आणि तो योग्यच होता, असे मला वाटते.

जैतापूरचा या अमेरिकी छाननीशी थेट संबंधही नाही. तिथला प्रस्ताव प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांचा आहे आणि तो 30 सप्टेंबर 2008 रोजी फ्रान्सशी झालेल्या स्वतंत्र कराराच्या आधारे पुढे आला. मात्र 6 सप्टेंबर 2008 रोजी अणुपुरवठादार गटाने (अणुइंधन व तंत्रज्ञान निर्यात करणाऱ्या देशांच्या गटाने) भारताला अणुव्यापाराची सवलत दिली नसती, तर हाही करार मार्गी लागणे कठीण होते.

सुरक्षिततेची तपासणी भारतातच होते. 1983 मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ जागा, बांधकाम, चाचणी आणि प्रत्यक्ष वीजनिर्मिती अशा टप्प्यांवर वेगवेगळी संमती देते. पर्यावरणाची मंजुरी त्याहून निराळी असते. जैतापूरची ती मंजुरी नोव्हेंबर 2010 मध्ये 35 अटींसह देण्यात आली. त्या अटींची अंमलबजावणी कुठवर आली, हे आपण माहितीच्या अधिकारात विचारू शकता, आणि अवश्य विचारावे. याच मंडळाच्या स्वायत्ततेतील उणिवांवर महालेखापरीक्षकांनी 2012 मध्ये बोट ठेवले होते, आणि नागरिकांनी खरा जोर त्याच मुद्द्यावर लावायला हवा. कोल्हापूर जैतापूरपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर असल्याने सोळा किलोमीटरच्या आपत्कालीन नियोजन क्षेत्रात ते येत नाही, पण म्हणून प्रश्न विचारण्याचा आपला हक्क कमी होत नाही.

प्रश्न : या करारामुळे भारताच्या सर्वच अणुभट्ट्यांवर परदेशी निरीक्षक येतात का?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : नाही. नागरी आणि लष्करी अणुसुविधा वेगळ्या करणाऱ्या 2006 च्या विभाजन आराखड्यात भारताने 22 पैकी 14 वीजभट्ट्या नागरी म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने आणण्याचे मान्य केले आणि उरलेल्या देखरेखीबाहेर ठेवल्या. नव्या परदेशी भट्ट्या मात्र देखरेखीखालीच चालवाव्या लागतील.