उरलेल्या सौरविजेवर आंघोळीचं पाणी

छतावर पॅनल लागली की दुपारी वीज उरते आणि पहाटे गिझरला वीज लागते. या दोन टोकांची गाठ कशी घालायची, अशा आशयाचे बरेच प्रश्न वाचकांकडून आले. त्यातले पाच निवडले आहेत.

प्रश्न (नाशिक) : गच्चीवर 3 किलोवॉटचं ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलर आहे, नेट मीटर आहे. शेजारी 200 लिटरचा ट्यूबवाला सोलर हीटर, त्यात 2 किलोवॉटची बॅकअप कॉइल. दुपारी जास्तीची वीज बाहेर जाते. ती आपोआप कॉइलकडे वळवणारा डायव्हर्टर बसवावा का?

बहुतेक नाही. नेट मीटरवर दुपारी दिलेलं युनिट बिलात युनिटाच्या बदल्यात परत मिळतं. तेच युनिट दुपारी पाण्यात घातलं काय आणि पहाटे परत घेऊन घातलं काय, खर्च सारखाच. उलट दुपारी तापवलेलं पाणी रात्रभर थोडं निवतं, तेवढं नुकसानच. अपवाद दोन. 31 मार्चला तुमच्या खात्यात दरवर्षी बरीच युनिटं शिल्लक राहत असतील, तर त्यांना घरगुती दरापेक्षा फारच कमी मोबदला मिळतो. अशी शिल्लक पाण्यात घालणं फायद्याचं. दुसरं, बिलात दिवसाची आणि रात्रीची युनिटं वेगवेगळ्या हिशोबाने मोजली जात असतील, तर दुपारचं युनिट दुपारीच वापरलेलं बरं. आधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून शिल्लक बघा, मगच खरेदीचा विचार करा.

तुमच्या घरात आणखी एक अडचण आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. ज्या दिवशी कडक ऊन असतं त्या दिवशी वीज उरते खरी, पण त्याच उन्हात ट्यूबनी टाकी तापवलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कोमट राहतं, तेव्हा पॅनलही मलूल असतात. म्हणजे गरज आणि शिल्लक एकाच दिवशी क्वचितच येतात. त्यातल्या त्यात जमतं ते हिवाळ्यात : ऊन स्वच्छ, पंखे-एसी बंद, नळाचं पाणी गार आणि पाहुणे आले तर 200 लिटर अपुरे.

तरीही करायचंच असेल, तर साधा टायमर पुरे. कॉइल दुपारी दोनच्या आधी सुरू होऊ देऊ नका. सकाळीच विजेने टाकी तापवली, तर सूर्याला तापवायला काही उरत नाही आणि फुकटची उष्णता वाया जाते. दोन ते चार अशी वेळ लावा, थर्मोस्टॅट 50 अंशांवर ठेवा. ट्यूबनी पाणी 50च्या वर नेलं असेल तर कॉइल लागणारच नाही. हिशोबाला एक आकडा लक्षात ठेवा : 100 लिटर पाणी 10 अंशांनी तापवायला 1.16 युनिट लागतात. ढगाळ दिवशी तुमची टाकी 35 अंशांवर अडकली असेल, तर 50पर्यंत न्यायला साडेतीन युनिटं, म्हणजे 2 किलोवॉटच्या कॉइलला पावणेदोन तास.

प्रश्न (सातारा जिल्हा) : शेतघरावर ऑफग्रिड (लाइनला वीज न देणारा) इन्व्हर्टर, 48 व्होल्टच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या, 540 वॉटची चार पॅनल. बारा वाजेपर्यंत बॅटरी भरते, पुढे पॅनल नुसती पडून असतात. मीटरच्या वायरवर क्लॅम्प लावून चालणारा डायव्हर्टर घेतला, पण 50 लिटरचा गिझर एकदाही सुरू झाला नाही. यंत्र खराब आहे का?

यंत्र ठीक आहे, ते तुमच्यासाठी नाही. क्लॅम्प बाहेर जाणारा प्रवाह मोजतो आणि तेवढाच कॉइलला देतो. तुमच्याकडे बाहेर काही जातच नाही. बॅटरी भरली की चार्ज कंट्रोलर पॅनलकडून वीज घेणंच कमी करतो. शिल्लक वीज तयारच होत नाही, त्यामुळे ती मोजताही येत नाही. ऑफग्रिडमध्ये शिल्लक ओळखायची ती बॅटरीवरून.

तुमच्या इन्व्हर्टरला ड्राय कॉन्टॅक्ट (बाहेरचं उपकरण चालू-बंद करायला दिलेला स्विच) असेल आणि सेटिंगमध्ये तो बॅटरीच्या व्होल्टेजवर चालवता येत असेल, तर उत्तम. नसेल तर वेगळा डीसी व्होल्टेज रिले घ्या, ज्याचे चालू आणि बंद हे दोन्ही आकडे स्वतंत्र लावता येतात. फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी ज्या व्होल्टेजवर धरून ठेवतात तो, 54 व्होल्ट असेल तर चालूचा आकडा 53.5 ठेवा आणि तो सलग दहा मिनिटं टिकला तरच रिले लागेल असं करा. बंदचा आकडा 51, त्याला अर्धा-एक मिनिट उशीर. भरलेली बॅटरी चार्ज होत असताना 51च्या खाली येत नाही. आली म्हणजे कॉइल आता उन्हावर नाही, बॅटरीवर चालली आहे. उशीर अशासाठी की मिक्सर किंवा पंप सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतो आणि तेवढ्याने कॉइल सुटू नये. चालू-बंदमध्ये हे अंतर ठेवलं नाही तर काय होतं ते ऐकूच येतं : कॉइल लागली की व्होल्टेज पडतो, रिले सुटतो, व्होल्टेज चढतो, रिले लागतो. पेटीत सतत टकटक, आणि थोड्याच दिवसांत कॉन्टॅक्ट काळे.

लिथियम बॅटरी असती तर व्होल्टेजवर विसंबता आलं नसतं, कारण बऱ्याच मोठ्या टप्प्यात तिचा व्होल्टेज जवळजवळ हलत नाही. तिथे बीएमएसकडून (बॅटरीतल्या देखरेखीच्या सर्किटकडून) येणारी चार्जची टक्केवारी वापरायची : 95वर चालू, 85वर बंद.

आता कॉइल. गिझरची नेहमीची 2 किलोवॉटची कॉइल 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर ओढते. तुमच्या 2.16 किलोवॉटच्या पॅनलमधून भर दुपारीसुद्धा दीड-पावणेदोन किलोवॉट मिळाले तरी चांगलं, आणि त्यातच फ्रिज, पंखे. कॉइल 1 किलोवॉटची हवी. बाजारात मापाची मिळाली नाही, तर 2 किलोवॉटच्या दोन सारख्या कॉइल सिरीजमध्ये जोडा. दोन्ही मिळून 1 किलोवॉट होतात, प्रत्येकी 500 वॉट. कॉइल निम्म्या ताकदीवर चालवायला काही वायरमन मध्ये डायोड घालतात, ते करू देऊ नका. त्याने एकाच बाजूचा अर्धा लहर-भाग ओढला जातो आणि इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर तापून जातो. 50 लिटर पाणी 25 अंशांवरून 60वर न्यायला दोन युनिटं, म्हणजे 1 किलोवॉटवर दोन तास. बारा ते चारमध्ये आरामात होतं.

जोडणीचा क्रम असा : इन्व्हर्टरचं आउटपुट, 10 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच), 25 अँपिअरचा कॉन्टॅक्टर (स्वतःच्या छोट्या कॉइलवर चालणारा दणकट स्विच), मग गिझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट आणि कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा), शेवटी कॉइल. वायर 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची. रिलेने फक्त कॉन्टॅक्टर चालवायचा, कॉइलचा प्रवाह रिलेतून न्यायचा नाही. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावाच, पण एक तपासा : इन्व्हर्टरच्या आउटपुटचा न्यूट्रल अर्थशी जोडलेला नसेल, तर गळती झाली तरी आरसीसीबी ट्रिप होत नाही. टेस्ट बटण दाबल्यावर पडतो म्हणून समाधान मानू नका, ते बटण अर्थ तपासत नाही. न्यूट्रल जोडायची परवानगी आहे का, हे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत बघून मगच जोडणी करा.

प्रश्न (कोल्हापूर) : ऑनलाइन मिळणारा “4000 वॉट” रेग्युलेटर गिझरला लावून कॉइल कमी-जास्त करता येईल ना?

येईल, पण त्या आकड्याच्या निम्म्यावरही भरवसा ठेवू नका. 2 किलोवॉट चालवताना त्यातला ट्रायॅक (वीज कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) साधारण 10 ते 13 वॉट उष्णता टाकतो. अंगठ्याएवढ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला ती झेपत नाही. मोठा हीटसिंक लावा, उभा लावा, हवा खेळू द्या, प्लॅस्टिकच्या बंद डबीत कोंबू नका. ट्रायॅक काय किंवा सॉलिड स्टेट रिले (हलणारे कॉन्टॅक्ट नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) काय, जळताना बहुतेकदा आतून शॉर्ट होतात, म्हणजे कॉइल कायमची चालू. म्हणून थर्मोस्टॅट “आता रेग्युलेटर आहेच” म्हणून काढून टाकू नये. पाण्याला उकळण्यापासून अडवणारं दुसरं काही उरत नाही.

असे रेग्युलेटर लहर मधूनच कापतात, त्याने रेडिओत खरखर आणि छोट्या इन्व्हर्टरमध्ये गुणगुण येते. ऑनग्रिड घरात झीरो क्रॉसिंगचा (लहर शून्यावर असतानाच लागणारा) सॉलिड स्टेट रिले चांगला : दोन सेकंदांतल्या 100 लहरींपैकी 30 पूर्ण सोडायच्या, 70 अडवायच्या, की 30 टक्के ताकद. ऑफग्रिडमध्ये मात्र तोही नको. दर खेपेला पूर्ण 2 किलोवॉटचा झटका बसतो आणि घरातले दिवे लुकलुकतात. तिथे छोटी कॉइल हाच मार्ग.

प्रश्न (रत्नागिरी) : 330 वॉटची दोन जुनी पॅनल आहेत. इन्व्हर्टर न घेता थेट गिझरच्या कॉइलला जोडली तर?

पाणी तापेल, पण जोडणी आणि कॉइल नीट निवडली तर. असं एक पॅनल भर उन्हात साधारण 37 व्होल्ट, पावणेनऊ अँपिअर देतं. दोन सिरीजमध्ये जोडली तर 75 व्होल्ट. म्हणजे त्यांना साडेआठ ओहमच्या आसपासची कॉइल हवी. गिझरची 2 किलोवॉटची कॉइल 26 ओहमची. ती तशीच जोडलीत तर 660 पैकी पावणेतीनशे वॉटच पाण्यात जातील. पॅनल पॅरलल जोडलीत तर जेमतेम 70-75. तशा तीन कॉइल पॅरलल जोडल्या तर 8.8 ओहम होतात आणि गणित जुळतं. किंवा साडेआठ ओहमची कॉइल बनवून घ्या. तरीही सकाळ-संध्याकाळ उतार मोठा राहतो : ऊन निम्मं झालं की प्रवाह निम्मा आणि उष्णता एक चतुर्थांश.

खरा धोका थर्मोस्टॅटमध्ये आहे. एसीचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कॉन्टॅक्ट उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. गिझरचा थर्मोस्टॅट सावकाश उघडतो, फटीत ठिणगी धरून राहते आणि कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात. त्यानंतर तो कधीच बंद होत नाही. थर्मोस्टॅटने फक्त डीसी कॉन्टॅक्टरची छोटी कॉइल चालवावी आणि पॅनलचा प्रवाह त्या कॉन्टॅक्टरने तोडावा. एमसीबीही डीसीचाच घ्या आणि त्यावरची अधिक-उणे खूण बघून जोडा. उलटा जोडलेला डीसी एमसीबी ठिणगी विझवू शकत नाही.

प्रश्न (लातूर) : टायमरवर कॉइल लावल्यापासून वर्षात दोनदा जळाली. पाणी बोअरचं आहे, वरची टाकी अधूनमधून रिकामी असते.

दोन्ही कारणं तुम्हीच लिहिली आहेत. कॉइल काढल्यावर तिच्यावर पांढरा, खडूसारखा थर असेल तर क्षार. मधोमध निळसर-काळी पडून फुटलेली असेल तर ती कोरडी चालली. माणूस बटण दाबताना नळाला पाणी आहे का बघतो, टायमर बघत नाही. प्रेशर नसलेल्या टाकीत पातळी कॉइलच्या खाली गेली की ती हवेत तापते आणि काही मिनिटांत जाते. वरच्या टाकीत तळापासून वीतभर उंचीवर एक फ्लोट स्विच बसवा आणि त्याची वायर कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये द्या. पाणी नसेल तर कॉन्टॅक्टर लागणारच नाही. फ्लोटची वायर 230 व्होल्टची न ठेवता 12 किंवा 24 व्होल्टचा कॉन्टॅक्टर वापरलात तर पाण्याजवळ विजेचा धोका राहत नाही.

क्षारांसाठी थर्मोस्टॅट 50-55 अंशांवर आणा. 60च्या पुढे थर फार झपाट्याने बसतो. आठवड्यातून एकदा मात्र टाकी तासभर 60 अंशांवर जाऊ द्या, कोमट साठवणीत जंतू वाढतात. टाकीला आतून काचेचा लेप असेल तर मॅग्नेशियमचा रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजापासून वाचवणारा) वर्षाला उघडून बघा. पेन्सिलीएवढा बारीक झाला असेल तर बदला.