तुर्कीच्या किनाऱ्यावर मासे खायचे तर कुठे खावेत?

सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन इस्तंबूल, इझमीर, बोद्रुम आणि फेथिये असा दौरा आहे, घरात सगळेच मासेखाऊ, तेव्हा चांगली मासळी कुठे खावी, लुबाडणूक कशी टाळावी आणि आईला भात लागतोच त्याचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी अलिबागकडचा, नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षं इझमीरला काढली. त्यामुळे एजियन समुद्राच्या बाजूबद्दल जरा जास्त बोलेन, बाकीचं थोडक्यात.

हॉटेलांची नावं मात्र देत नाही. आचारी बदलतो, मालक बदलतो, आणि कालची उत्तम जागा आज टूरच्या बसगाड्यांवर चालायला लागते. भावही देत नाही, कारण तिथली महागाई बघता मी आज लिहिलेला आकडा तुम्ही पोचेपर्यंत शिळा होईल. त्यापेक्षा एक सवय लावून घ्या: गावात उतरलात की आधी मासळीबाजार गाठायचा. त्या दिवशी काय आलंय ते बघायचं, किलोचा भाव ऐकायचा आणि मग तिथेच आसपास जेवायला बसायचं. पाण्याला लागून असलेल्या ओळीत दारात माणूस उभा करून 'माय फ्रेंड, इंडिया? शाहरुख खान!' असं ओरडणाऱ्या जागा आहेत, त्या खुशाल ओलांडून पुढे जा.

बाजार नुसता बघायलाही मजा येते. लाल रंगवलेल्या मोठ्या गोल थाळ्या, वर लोंबणारे दिवे आणि माशांचे कल्ले ओढून बाहेर काढून ठेवलेले, लालभडक. आपल्याकडे कल्ला आपणच उघडून बघतो, तिथे विकणारा तो आधीच उघडा करून ठेवतो. पण दिव्याच्या उजेडावर जाऊ नका. पाणी सारखं शिंपडत असतात, त्यामुळे सगळंच चमकतं. डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे का आणि बोटाने दाबल्यावर मांस परत वर येतं का, एवढं आईंना सांगायची गरज नाहीच. त्या बघतीलच.

तारखा तुम्ही चांगल्या निवडल्यात. तिथे मोठ्या जाळ्यांच्या आणि ट्रॉलरच्या मासेमारीला १५ एप्रिलपासून बंदी असते आणि हंगाम उघडतो १ सप्टेंबरला. आपल्याकडे जून-जुलै होड्या वर असतात, तिथे अख्खा उन्हाळा. त्या काळात छोट्या होडीवाल्यांची मासळी येते, पण थोडी आणि महाग. पर्यटक नेमके जुलै-ऑगस्टमध्ये जातात, शेततळ्यासारख्या पिंजऱ्यांत वाढवलेला मासा खातात आणि 'तुर्कीत मासे बेचव' असं लिहून मोकळे होतात.

पिंजऱ्यातल्या माशाबद्दल नीट सांगतो, कारण तुमच्या ताटात तो येणारच. लेव्रेक (सी बास) आणि चिपुरा (सी ब्रीम) ही दोन नावं प्रत्येक मेनूवर बारा महिने दिसतील. इझमीर आणि मुला या जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर त्यांचे मोठे व्यवसाय आहेत आणि माल युरोपभर जातो. वाईट नसतो हो. काटे कमी, मांस पांढरं, लहान मुलांना देता येईल असा. पण समुद्रातल्या लेव्रेकचा भाव लावून पिंजऱ्यातला देणं हा तिथला जुना उद्योग आहे. म्हणून दोन शब्द पाठ करा: 'देनिझ' म्हणजे समुद्रातला, 'चिफ्तलिक' म्हणजे पाळलेला. 'देनिझ मी, चिफ्तलिक मी?' (हा 'मी' म्हणजे आपला 'का?') एवढं विचारलंत तरी समोरचा सावरून बसतो. थाळीत सगळे मासे एकाच मापाचे, साच्यातून काढल्यासारखे दिसले तर उत्तर विचारायचीही गरज नाही.

तुम्ही असाल तेव्हा मागायचे मासे म्हणजे पालामुत (बोनिटो) आणि ल्युफेर (ब्लूफिश). शरद ऋतूत हे काळ्या समुद्राकडून बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून खाली यायला लागतात. पालामुत आपल्या कुपा-गेदर कुळातला, गडद मांसाचा, जाड तुकड्यांचा. ज्या वर्षी भरपूर येतो त्या वर्षी स्वस्त असतो आणि घरोघरी तोच शिजतो. तोच मोठा झाला की तोरिक, त्याच्यापासून 'लाकेर्दा' करतात, म्हणजे मिठात मुरवलेले जाड काप, कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेलाबरोबर खायचे. खारवलेली मासळी आवडणाऱ्या माणसाने हे चुकवू नये. ल्युफेर हा इस्तंबूलकरांचा जीव की प्राण. वाढत्या आकाराप्रमाणे त्याचं नाव बदलत जातं: चिनेकोप, मग सारीकानात, मग ल्युफेर आणि सगळ्यात मोठा तो कोफाना. यातला चिनेकोप मागू नका. ती पिल्लं आहेत, आणि ती पकडू नयेत म्हणून तिथे बऱ्याच मोहिमा झाल्यात. जाळीवर भाजलेला ल्युफेर, मीठ, लिंबू, बास.

आता गावं घेऊ.

इस्तंबूलमध्ये सगळे तुम्हाला एमिनोन्यूच्या पुलाजवळ 'बालिक एकमेक' खायला पाठवतील. पावात भाजलेल्या माशाचा तुकडा, कांदा, पाला, लिंबू. खा, धुराचा वास आणि समोरचं बंदर यांचीच अर्धी किंमत आहे. फक्त त्यातला बांगडा बहुतेक वेळा नॉर्वेहून गोठवून आलेला असतो, हे माहीत असू द्या. खरी मासळी बघायची तर फेरीबोटीने पलीकडे आशियाच्या बाजूला कादिकोयला जा. तिथल्या बाजाराच्या गल्ल्यांत मासेवाले, लोणचीवाले, चीजवाले एकमेकांना लागून आहेत आणि मधूनमधून साधी खाणावळ. वेळ असेल तर बॉस्फरसची लांब फेरी घेऊन आनादोलू कावागीला जाता येतं. काळ्या समुद्राच्या तोंडाजवळचं, फेरीचा शेवटचा थांबा असलेलं गाव. हॉटेलवाले बोटीतून उतरताच अंगावर येतात, पण किल्ल्यापर्यंत चढून खाली आल्यावर भूक लागलेली असते आणि तळलेल्या शिंपल्या गरम मिळतात. कुमकापीच्या वाजंत्रीवाल्या गल्लीत मी तरी आई-बाबांना नेणार नाही.

इझमीरला पहिल्या संध्याकाळी 'मिद्ये दोल्मा' खा. काळ्या मोठ्या शिंपल्या, आपल्या शिनाण्यांच्या जातीतल्या, आत मिरी घातलेला मऊ भात. विकणारा वरचं कवच उचकटून त्याचाच चमचा करतो, लिंबू पिळतो आणि हातात देतो. तुम्ही खाता, तो दुसरी देतो, तुम्ही खाता, तो तिसरी देतो. पुरे म्हणेपर्यंत हात थांबत नाही. शेवटी रिकामी कवचं मोजून पैसे. एकच पथ्य: उन्हात उभ्या असलेल्या एकट्या टोपलीवाल्याकडे घेऊ नका, गर्दीच्या दुकानात घ्या, जिथे माल तासाभरात संपतो. दुसऱ्या दिवशी केमेराल्तीच्या जुन्या बाजारातली हाव्रा गल्ली बघा, मासेवाले तिथेच. आणि एक अख्खा दिवस मोकळा असेल तर तो एस्की फोचाला द्या. छोटं बंदर, होड्या हॉटेलांच्या टेबलांसमोरच बांधलेल्या, इझमीरचे लोक रविवारी जेवायला जातात ते गाव. रविवारी म्हणूनच जाऊ नका.

बोद्रुममध्ये पैसे सांभाळा. गावात बाजारपेठेच्या आत मासळीची गल्ली आहे, तिथे मांडून ठेवलेला मासा निवडून शेजारच्या टेबलावर खाता येतो. लोक मात्र गुमुश्लुकचे फोटो बघून येतात. प्राचीन मिंडोस शहराच्या जागेवरचं हे गाव, समोर सशांचं बेट, पाण्यात बुडालेली जुनी भिंत, आणि टेबलं अगदी लाटेच्या काठावर. सूर्यास्त सुंदर असतो यात वाद नाही, पण त्याचे पैसे माशाच्या किलोमध्ये लावलेले असतात. माझं ऐकाल तर तिथे सूर्यास्ताला दोन-तीन मेझे (जेवणाआधीचे छोटे पदार्थ) आणि कालामार (माकूल) घ्या, मोठा मासा फेथियेसाठी राखून ठेवा.

कारण फेथियेत तुमच्यासारख्या कुटुंबासाठी सगळ्यात सोयीची व्यवस्था आहे. गावाच्या मध्यावर एक चौक, त्याच्या मधोमध मासेवाल्यांचे गाळे आणि चारी बाजूंनी हॉटेलं. तुम्ही मधल्या गाळ्यावर मासा निवडता, तो तुमच्यासमोर वजन करतो, पैसे त्याला देता. तो साफ करून देतो. मग कडेच्या कुठल्याही हॉटेलात पिशवी घेऊन बसायचं, ते माणशी ठरावीक रक्कम घेऊन मासा शिजवून देतात, सोबत पाव, सॅलड आणि लिंबू. पेयं आणि मेझे वेगळे. ही माणशी रक्कम किती आणि तिच्यात काय काय येतं, हे बसण्याआधी दोन ठिकाणी विचारा, थोडा फरक असतो. साफ करायला देताना दोन गोष्टी सांगायला लागतात. तिथे मासा सहसा अख्खाच भाजतात, तुकड्या पाडत नाहीत, तेव्हा मोठ्या माशाच्या तुकड्या हव्या असतील तर हाताने दाखवून सांगा. आणि डोकं हवं असेल तर 'काफासी काल्सिन', म्हणजे डोकं राहू दे. कोळंबी घेतलीत तर 'ग्युवेच' करून मिळेल का विचारा: मातीच्या भांड्यात लोणी, टोमॅटो, मिरची, वर चीज. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांमध्ये मसाल्याशिवाय जेवण उतरत नाही अशा मावशींनीही हे भांडं पावाने पुसून खाल्लंय.

फेथियेहून दाल्यानला जाणार असाल (कासवांच्या किनाऱ्यासाठी सगळे जातात) तर निळा खेकडा खा. नदीवरच्या बोटींतून मिळतो. आपल्या चिंबोरीइतका भरलेला नसतो, पण गोड असतो.

तुमच्या वाटेवर नसलेल्या जागा घाईत सांगून टाकतो. आयवालिकसमोरच्या जुंदा बेटावर पापालिना नावाची बारीक मासळी तळून देतात, काट्यासकट खायची. गेलिबोलूला द्राक्षाच्या पानात गुंडाळून भाजलेली सार्डिन. आणि कधी हिवाळ्यात गेलात तर काळ्या समुद्रावरचं त्राब्झोन: हाम्सी म्हणजे अँकोव्ही, मक्याच्या पिठात घोळवून तव्यात चक्रासारखी रचून तळलेली. मांदेली फ्राय आवडणाऱ्याला तुर्कीत सगळ्यात घरचं वाटेल ते हेच, पण सप्टेंबरात तिचा खरा हंगाम नसतो, मिळाली तरी घेऊ नका.

हॉटेलात बसल्यावरचं थोडं. मोठा मासा किलोवर विकतात, नगावर नाही, म्हणून मासा आत जाण्यापूर्वी वजन आणि एकूण रक्कम तोंडी वदवून घ्या, जमल्यास कागदावर. यात कोणी वाईट वाटून घेत नाही, तिथले लोकही तेच करतात. मेझेचा मोठा ट्रे घेऊन वेटर येतो, त्यातलं बोट दाखवाल ते तुमचं. न मागता टेबलावर ठेवलेलं फुकट असतं असं समजू नका, विचारा. 'इझगारा' म्हणजे जाळीवर, 'तावा' म्हणजे तळलेला, 'बुउलामा' म्हणजे टोमॅटो-कांद्याबरोबर वाफवलेला, थोड्या रश्शाचा. बाबांना राकी (बडीशेपेच्या वासाची तिथली दारू) घ्यायची असेल तर दारू मिळणारी जागा आहे का ते आधी बघा, सगळीकडे नसते. जेवणानंतर भट्टीत गरम केलेला तहिनीचा (तिळाच्या वाटणाचा) हलवा मागवा. माशावर हलवा ही तिथली पक्की रीत आहे.

मसाल्याची आशा सोडा. मीठ, लिंबू, ऑलिव्ह तेल, फार तर टेबलावरची लाल मिरचीची भरड, 'पुल बिबेर'. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं, मग माशाची चव कळायला लागते असं मी म्हणेन. माझी बायको नाही म्हणणार, ती सोबत मालवणी मसाल्याची पुडी न्यायची.

माशाबरोबर दही खाऊ नये ही समजूत तिथेही आहे, आजीच्या वयाच्या बायका हमखास टोकतात. गंमत म्हणजे त्याच टेबलावर दह्याची 'हायदारी' मेझे म्हणून आलेली असते आणि कोणी काही म्हणत नाही. आईंना पटत नसेल तर वांग्याचे मेझे भरपूर असतात.

आणि भात. माशाच्या हॉटेलात भात सहसा नसतो, तिथे माशाबरोबर पावच खातात. पण साध्या खाणावळीत, ज्यांना 'लोकांता' म्हणतात, लोण्यातला 'पिलाव' दुपारी नक्की मिळतो. आम्ही तो डब्यात बांधून घ्यायचो आणि संध्याकाळी मासे खायला जाताना सोबत न्यायचो. कुणी हरकत घेतल्याचं आठवत नाही. फेथियेच्या चौकात तर वेटरने तो गरम करून आणून दिला होता.