आरशाआधी कॅमेरा समजून घे

लडाखमधल्या हानलेला निघण्याआधी एक सांगतो. तिथल्या 'मेस' या गॅमा किरण टिपणाऱ्या दुर्बिणीचा २१ मीटरचा आरसा पाहून तू भारावशील, पण खरी कसोटी कॅमेऱ्याची. गॅमा किरण, म्हणजे अवकाशातून येणारा अतिऊर्जेचा प्रकाश, जमिनीपर्यंत पोचतच नाही. वातावरणात तो कणांचा वर्षाव घडवतो आणि चेरेंकोव्ह प्रकाशाची (हे वेगवान कण हवेत सोडतात तो प्रकाश) निळसर चमक उमटते, तीही काही नॅनोसेकंदांपुरती. कॅमेऱ्यातल्या १०८८ प्रकाशसंवेदी नळ्यांनी ती टिपायची. त्यात वैश्विक किरणांचे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या प्रोटॉनसारख्या कणांचे, वर्षाव कितीतरी जास्त! म्हणून आधी प्रतिमांचे आकार ओळखायला शीक: गॅमाची लांबट, सुबक, प्रोटॉनची विस्कटलेली. म्युऑनचं (वर्षावातल्या एका कणाचं) कडं दिसलं तर टाकून देऊ नकोस, दुर्बीण किती प्रकाश पकडते हे त्यावरूनच तपासता येतं. सुरुवात क्रॅब तेजोमेघापासून, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषापासून कर. १९८९ साली अमेरिकेतल्या व्हिपल या गॅमा किरण दुर्बिणीचा पहिला ठाम शोध तोच होता. आणि हो, उंची ४२७० मीटर आहे, पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घे.