पठारावर अभ्यास सुरू करण्यापूर्वी

कास पठारावर निरीक्षणाला सुरुवात करताना फुलांची नावे पाठ करण्याआधी पायाखालचा जांभा समजून घ्या, असा माझा आग्रह आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टची दीर्घकाळ झीज होऊन, त्यातील सिलिका वाहून गेल्यावर लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली आणि हा दगड तयार झाला. त्यावरची माती पातळ, पावसाळ्यात पाणथळ आणि नायट्रोजनने गरीब असल्यामुळेच सीतेची आसवे ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. म्हणून प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ व ठिकाण यांबरोबर जागा उघडा कातळ आहे, डबके आहे की मातीचा थर, हे त्याच जागी उभे राहून लिहा. संध्याकाळी आठवणीतून लिहिलेल्या वहीवर माझा विश्वास नाही.

विंचू किंवा पाली पाहण्यासाठी दगड उचललाच, तर तो होता तसाच परत ठेवा, कारण त्याखालचा ओलावा हेच त्यांचे घर असते.

स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखी खनिजे बेसाल्टमधील पोकळ्यांत सापडतात. ती पाहायला दगडखाणीत जायचे असेल, तर आधी मालकाची परवानगी घ्या. कोयना अभयारण्यात मात्र वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय दगड, कीटक किंवा पानही उचलू नका.