संदर्भ म्हणजे पत्ता नव्हे

प्रश्न असा आलाय की 'बायबलचं वचन संदर्भासह वाचावं' बरोबर की 'संदर्भासहित'? दोन्ही बरोबर, हवं ते लिहा. मला वैताग येतो तो संदर्भ याच शब्दाच्या वापराचा. कुणीतरी एक ओळ टाकतं, 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सगळं करू शकतो', आणि खाली लिहितं, संदर्भ: फिलिप्पैकरांस ४:१३, म्हणजे पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या बायबलमधल्या पत्राचा चौथा अध्याय, तेरावं वचन. अहो हा पत्ता झाला, संदर्भ कुठाय? संदर्भ म्हणजे त्याच्या आधीची दोन वचनं, जिथे पौल सांगतोय की पोट भरलेलं असो की उपाशी, चणचण असो की रेलचेल, आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलोय, आणि हे सगळं तो कैदेत असताना लिहितोय. म्हणजे तिथलं 'सगळं' सोसण्याबद्दल आहे, परीक्षेत पहिलं येण्याबद्दल नाही.

शब्दच बघा ना. सम् हा उपसर्ग अधिक दृभ् हा संस्कृत धातू, आणि दृभ् म्हणजे ओवणं, गुंफणं. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, दृभ् चा अर्थ 'ग्रन्थे' असा दिलाय आणि ग्रन्थ् चा अर्थ 'सन्दर्भे', म्हणजे एकाचा अर्थ विचारला की दुसऱ्याकडे पाठवतात, कारण दोन्हीकडे मुद्दा बांधण्याचाच आहे! इंग्रजीतला काँटेक्स्टही लॅटिनमधल्या एकत्र विणण्यावरूनच आला. एवढं असून संदर्भ म्हणजे 'उल्लेख, दाखला' एवढंच सांगून कोणी मोकळं होतं तेव्हा राग येतो, तो अर्थ चालतो हो, पण तो शेपटीकडचा आहे.

आणि दर्भ! पूजेतला दर्भ याच दृभ् चा, हे माझं ठाम मत. उणादिसूत्रं, म्हणजे शब्द कुठल्या धातूवरून आले हे सांगणारी जुनी व्याकरणसूत्रं, त्याला दॄ म्हणजे फाडणे यातून काढतात आणि बरेच जण तेवढ्यावर चर्चा बंद करतात. मला ते अजिबात पटत नाही. धार तर कितीतरी गवतांना असते, दर्भ आपल्याला दिसतो तो जुडीत, वळलेल्या पवित्रकात, गाठ मारलेला. उणादिवाल्यांना प्रत्येक शब्दाखाली कुठला ना कुठला धातू बसवायचाच असतो, मग तो ओढूनताणून का असेना. आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशात मोनियर विल्यम्सनेही दर्भ दृभ् खालीच दिलाय.

तर फाडणं आणि गुंफणं. बायबलमधले वचनांचे आकडे मुळात नव्हतेच, अध्याय आजच्यासारखे पडले तेराव्या शतकात, आणि नव्या कराराच्या वचनांना आजचे आकडे दिले रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ साली. पौलाने लिहिलं ते सलग पत्र. आकडा शोधायला सोयीचा आहे, पण तिथून ओळ उपटून घेतली की ती जुडीतली राहत नाही.

नव्या करारातल्याच मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ७:१ चं तेच, 'कोणाचे दोष काढू नका' म्हणून लोक तिथेच थांबतात. पुढे ७:५ मध्ये येशू म्हणतो, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे, फक्त क्रम सांगितलाय. आणि कुसळ किती चपखल शब्द आहे बघा, ग्रीकमध्ये तिथे कार्फोस आहे, तोही वाळक्या काडीचाच, मुसळाच्या जागी मात्र घराची तुळई आहे, पण तुळईला कुसळाशी यमक कुठून मिळणार!