शोभेची गवतं: अंतर किती, कोणतं निवडायचं?

पावसाळा जवळ आला की हेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र देत आहे.

पायवाटेच्या कडेला मोंडो ग्रास किती अंतरावर लावू?

4 ते 6 इंच.

वाफ्याच्या कडेला गवती चहा चालेल का?

चालेल. दोन ठोंबांत दोन-अडीच फूट सोडा. पात्याला धार असते, त्यामुळे मुलांच्या वाटेत नको.

कंत्राटदाराने 20 फुटी कडेसाठी जांभळ्या फाउंटन ग्रासची 27 रोपं सांगितली आहेत. बरोबर आहे का?

नाही. 27 रोपं म्हणजे दर 9 इंचांना एक. या गवताचं बेट दोन-अडीच फूट पसरतं. अडीच फुटांनी लावलंत तर 9 रोपांत काम होतं. उरलेली 18 रोपं फक्त पहिल्या दिवशी बाग भरलेली दिसावी, बिल पास व्हावं, यासाठी असतात. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचं काय होतं ते मी दरवर्षी बघतो. मागच्या वर्षी एका सोसायटीत अशीच कड होती. वरून हिरवीगार, तुरे डोलत होते. बेटात हात घालून पाती बाजूला केली तर आत सगळा काळपट, ओला लगदा आणि कुजका वास. वारा आत शिरतच नव्हता. अर्धी बेटं उपटावी लागली.

म्हणून रोप आज केवढं आहे ते बघू नका, दोन वर्षांनी केवढं होईल ते विचारा आणि तेवढी जागा सोडा. पहिलं वर्ष मोकळं वाटतं, त्यात झेंडू किंवा ऑफिस टाइमची फुलझाडं लावा. काळ्या मातीत पाणी साचत असेल तर आधी निचरा बघा. पैसे देण्याआधी कृषी महाविद्यालयाच्या उद्यानविद्या विभागातल्या कुणाला तरी जागा दाखवा.

निळ्या पंपास ग्रासचं बी ऑनलाइन मिळतंय. घेऊ का?

निळ्या तुऱ्याचं पंपास नसतंच. फोटो रंगवलेला आहे. खरं पंपासही सहा फूट जागा मागतं, लहान बागेत आणूच नका.

गवती चहा लावला की साप येत नाहीत ना?

ऐकीव गोष्ट आहे. उलट दाट बेटात बेडूक, उंदीर राहतात आणि त्यांच्या मागे साप येतो. बेटाच्या बुडाशी साफसफाई ठेवा. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा, काठी उचलू नका.

गवती चहाच्या पानांवर तीन महिने नारिंगी भुकटी आहे. काय फवारू?

तीन महिने थांबलात कशाला? वर्णनावरून तांबेरा, म्हणजे पानावरचा बुरशीचा रोग, वाटतो, पण पान पाहिल्याशिवाय औषध सांगणार नाही. हीच पानं तुमच्या चहात जातात. डागाळलेली पाती कापून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. दोन-तीन पानं कागदात गुंडाळून या आठवड्यात कृषी विज्ञान केंद्रात न्या. तोवर त्या ठोंबाचा चहा बंद.